भुलीतलं गाऱ्हाणं

मी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवी पडून, हात जोडून, देवाकडे माझ्या सुनेला घरातून घालवायची मागणी करत होते, आणि पडद्यापलीकडे बसलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणत होती, “व्हय म्हाराजा!”

त्यांचा दोष नाही. आमच्या रत्नागिरीकडे देवाला घातलेलं गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ निघतंच, शिंकेसारखं. मग गाल सुजलेला का असेना!

माझ्या दाढा किडल्या होत्या आणि मला त्या खुर्चीची भीती वाटते. (साप मी काठीने मारलेला आहे. पण त्याच्याकडे पक्कड नव्हती.) पहिल्या खेपेला सून वंदना मला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या आणि मी मागच्या दाराने सटकले, ती गळ्यातल्या कागदी फडक्यासकट एसटीत! कंडक्टर म्हणाला, “आजी, जेवायला चाललाव काय?”

दुसऱ्या खेपेला मी तोंडच उघडलं नाही. वंदनाने विनवलं, डॉक्टरीणबाईंनी विनवलं. शेवटी त्या म्हणाल्या, “आजी, पुढच्या वेळी सुईतून थोडी भूल देऊ. गाढ झोप नाही लागणार, पण भीती जाईल.”

भीती गेली. भीडही जाते, हे त्यांनी सांगितलं नव्हतं!

माझा मुलगा नोकरीला मुंबईत. लग्न झाल्यापासून तो वंदनाला तिकडे बोलावतोय. तिचं उत्तर ठरलेलं, “आईंना एकटं कसं ठेवू?” म्हणून ती गावात, तो तिकडे, आणि मी मध्ये.

आणि आमचे हे होते तोवर वाडीचं गाऱ्हाणं तेच घालायचे. बायकांनी घालायची पद्धत नाही. मी आपली मागे उभी राहून ऐकायची. सुई टोचली आणि ते सगळं त्यांच्याच खणखणीत सुरात माझ्या तोंडातून निघालं.

“बा देवा म्हाराजा! आज हे तुझं लेकरू दाढा काढायला बसलंय, त्याची राखण कर!”

“व्हय म्हाराजा!” यात वंदनाचा आवाज सगळ्यांच्या वर होता म्हणे.

“या डॉक्टरीणबाईच्या हाताला यश दे!”

“व्हय म्हाराजा!” डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या!

इथे थांबायला काय झालं होतं? पण नाही.

“आणि ही जी सून बाहेर बसलीय, जी कालवणात इतकं पाणी ओतते की मासा परत पोहायला लागेल, जिने माझ्या चुलीचा आणि डब्यांचा ताबा घेतलाय, तिला तिच्या घोवाकडे मुंबईला धाड आणि माझं घर मला परत दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या वेळी वंदनाचा आवाज नव्हता.

मी नीट शुद्धीवर आले तेव्हा दाढा वाटीत होत्या आणि तोंडात कापूस. डॉक्टरीणबाईंनी हसत हसत सगळं सांगितलं. मी वंदनाकडे बघितलं. ती पदराने माझा चष्मा पुसत होती.

“उं उं!” मी म्हटलं.

“बोलू नका आई. कापूस दाबून धरा.”

रिक्षात पुन्हा, “उं उं उं!”

“कळलं आई. बोललात तेव्हा अगदी स्पष्ट बोललात.”

जन्मभर नको तिथे तोंड उघडलं. उघडायचं होतं त्या दिवशी आत कापूस!

टाके सुकेपर्यंत तिने मला मऊ पेज करून घातली. बोलता यायला लागल्यावर मी म्हटलं, “अगो, ते जुनं गाऱ्हाणं. तू नवी आलीस तेव्हाचं. मनात कुठेतरी पडून होतं, भुलीने वर आलं.”

“असेल आई. पण मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला माझी गरज आहे.”

“आहे की!”

“मग शुद्धीत असताना एकदा तरी म्हणायचंत.”

मी पेजेची वाटी पुढे केली. म्हटलं, “अजून वाढ.”

ती गेली मुंबईला. भांडली नाही. भांडली असती तर मीही भांडले असते, आणि त्या भरात राहिलीही असती. आता फोन करते, हिरड्यांची चौकशी करते, आणि ठेवते. वाडीतल्या बायका विचारतात, “काय गो, देव पावला म्हणे?” पावला. पावसासाठी इतकी गाऱ्हाणी घातली तेव्हा कधी इतक्या लगेच पावला नव्हता!

परवा डॉक्टरीणबाईंनी कवळीसाठी बोलावलं. म्हणाल्या, “आजी, भीती वाटत असेल तर सोबत घरातलं कोणीतरी आणा.”

मी म्हटलं, “मीच येते माझ्यासोबत. घरात आता तेवढीच आहे.”