इन्सब्रुकची चोरटी रजा

बहरीनच्या विमानतळावर आमची मोठी बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा चौदा किलोवर थांबला. मी दोनदा वाकून बघितलं. एकोणीस वर्षांत ही बॅग कधी तिशीच्या खाली आली नव्हती. दर जुलैत आम्ही देवरुखजवळच्या आमच्या गावी निघतो तेव्हा दुधाच्या पावडरीचे डबे, बदाम, गुडघ्यांचा बाम, कुणाच्या तरी जावयाचे बूट असं काय काय कोंबलेलं असतं, आणि माझा नवरा मिलिंद बॅगेवर बसून चेन लावतो. या वेळी तो नुसताच उभा होता. "हलकं वाटतंय गं," म्हणाला. मला मात्र चोरी करून निघाल्यासारखं वाटत होतं.

चोरीच होती ती. आम्ही चाललो होतो इन्सब्रुकला, आल्प्समधल्या एका देखण्या शहरात, आणि गावी आईला मी सांगितलं होतं, "यंदा रजा मंजूर झाली नाही."

तुमच्यातले जे गल्फमध्ये आहेत त्यांना हे खोटं पाठ आहे. कुणाचं लग्न टाळायचंय, कुणाची वास्तुशांत टाळायचीय, सांगून टाका रजा नाही. गावात त्यावर कुणी उलट विचारत नाही, वर हळहळतात. आणि गावी राहिलेल्यांनो, लगेच डोळे वटारू नका, बहुतेक वेळा ते खरंच असतं. मी मनाम्यात एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढते, मिलिंद सलमाबादला वर्कशॉपमध्ये इंजिनियर. दर जुलैत दोघांची लीव्ह जुळवायची म्हणजे आटापिटा.

यंदाही ती जुळली, आणि आमची बारा वर्षांची इरा म्हणाली, "मम्मा, एव्हरी इयर ओन्ली आजी. समव्हेअर एल्स, प्लीज?" मी तिच्यावर ओरडले. पण खोटं कशाला बोलू, जायचं मलाही होतं. आमच्या माहूजच्या फ्लॅटमध्ये जुलैत खिडकी उघडायची सोय नसते. गार वाऱ्यात नुसतं चालावं, असं कितीतरी वर्षं मनात होतं. आईला तसं सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच. बाबा गेल्यापासून ती एकटी. आम्ही येणार म्हणून शेवटचे रायवळ आंबे गवतात राखून ठेवणारी ती बाई, तिला कुठल्या तोंडाने सांगू की यंदा तुझ्याऐवजी बर्फ बघायला जातोय?

"असू दे गो, नोकरी आधी," आई म्हणाली आणि फोन ठेवला. तिने इतक्या लवकर मानलं म्हणून मला आणखीच वाईट वाटलं.

इन्सब्रुक सुंदर आहे, वादच नाही. रंगीत घरं, मधून पांढुरकी हिरवी नदी, आणि कुठल्याही रस्त्याने निघालात तरी टोकाला डोंगर उभा. हॉटेलच्या खोलीत एसी नव्हता. मिलिंदने सवयीने सगळ्या भिंती तपासल्या, मग खिडकी उघडली आणि तिथेच खुर्ची ओढून बसला. बाकावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मागून अरबीतलं 'चला, चला' ऐकू आलं, "यल्ला, यल्ला!" वळून बघते तर मनाम्याच्या मॉलमध्ये दिसतात तशीच माणसं, पोरंबाळं घेऊन आइस्क्रीम खात चाललेली. उन्हाळ्यात अर्धं गल्फ तिथेच असतं म्हणे.

शुक्रवारी केबल कारने वर गेलो. शहर खाली उरलं, आणि वर, भर जुलैत, खडकांच्या खाचांमधून बर्फ. इरा वेडी झाली. तिच्या हातात माझा फोन होता फोटोसाठी. शुक्रवारी आपण आजीला व्हिडिओ कॉल करतो, एवढंच तिच्या डोक्यात, तिने कॉल लावला. आणि मी, शहाणीने, आजीला काय सांगितलंय ते तिला सांगितलंच नव्हतं.

"आजी, लुक! स्नो!"

मी फोन हिसकावला, तोपर्यंत आईने सगळं बघितलं होतं. माझं लाल नाक, मागचा डोंगर, सगळं.

"रजा मिळाली वाटतं," ती म्हणाली.

मी तोंड चुकवायला तिच्या मागे बघितलं. मागे आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी नव्हती. गुलाबी भिंत होती आणि काचेचं मोठं कपाट.

"आई, तू कुठे आहेस?"

"इंदूरला. शालूकडे."

शालूमावशी तिची धाकटी बहीण. गेली कित्येक वर्षं ये ये म्हणून बोलावत होती.

"आणि घर?"

"कुलूप घातलंय. चावी शेजारच्या सुमीकडे."

मला राग आला. हसू नका, खरंच आला. मी युरोपात डोंगरावर उभी राहून आईला विचारत होते की न सांगता घर बंद करून गेलीसच कशी! ती शांतपणे म्हणाली, "दर वर्षी मे महिन्यात आंबे, जुलैत तुम्ही, मग गणपती, मग भात. थंडीत इंदूरच्या गारठ्यात माझे गुडघे धरतात. जाणार कधी मी? यंदा तुम्ही नाही म्हटल्यावर तिकीट काढलं. तुला नाही सांगितलं. म्हटलं, पोर रजेसाठी आधीच हिरमुसलेली, त्यात आपलं गावाला जाणं कशाला सांगा."

तिथेच, सगळ्या पर्यटकांसमोर, मी रडले. "चुकलं गं माझं," म्हटलं. आई म्हणाली, "बरं बरं. डोकीला बांध काहीतरी. शालू जेवायला बोलावतेय." आणि तिनेच फोन ठेवला.

उतरताना मी स्वतःलाच बोल लावत होते. आपण कुठेही जावं, पण ते घर उघडं असावं, चूल पेटलेली असावी आणि आई पडवीत असावी, असं मी एकोणीस वर्षं धरून चालले होते. माझ्या जाण्याला मी नशीब म्हटलं, नोकरी म्हटलं. तिलाही कुठे जावंसं वाटत असेल, हे माझ्या गावीही नव्हतं. घर म्हणजे आता मला आधी ती बाई दिसते, भिंती नंतर. आणि ती माझी वाट बघण्याखेरीज इतरही बरंच काही करते.

बहरीनला परतल्यावर डिसेंबरच्या सुट्टीचं निघालं. मिलिंद तिकिटं बघायला बसला. मी म्हटलं, थांब. आणि आईला फोन लावला.

"आई, डिसेंबरात यावं म्हणतोय. तू आहेस ना घरी?"

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बघून सांगते," आई म्हणाली.