गाठ मारलेलं गवत

धायरीमागच्या टेकडीवर पोपटराव दर हिवाळ्यात गवत कापून दहा फुटांचा मोकळा पट्टा काढत. त्याला जाळरेषा म्हणतात. वणवा तिथवर येतो आणि खायला काही न मिळाल्यानं विझतो. बावीस वर्षं वनखात्याच्या रोजंदारीवर त्यांनी हेच केलं. तेवढ्या काळात पायथ्याची शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या.

कापणीआधी ते एकदा सगळी रेषा चालून येत. गवतात अंडी घालणाऱ्या लावरी पाखराचं घरटं किंवा दुर्मीळ रोप दिसलं, की तिथल्या गवताच्या शेंड्यांना गाठ मारत. म्हणजे इथं विळा लावायचा नाही.

"सदऱ्याला बटण लावायला सवड नाय, अन् गवताला गाठी मारत हिंडतात," त्यांच्या पत्नी सुंदराबाई म्हणत.

एका वर्षी रविवारी मदतीला कॉम्प्युटर कंपनीतली मंडळी आली. पोपटराव एका टोकाला विळा धरायला शिकवत होते, तोवर दुसऱ्या टोकाला त्यांच्यातली कोथरूडची शर्मिला कामाला लागलीसुद्धा.

"काका, खुणेचं सगळं कापलं. एकच राहिलंय."

पोपटराव धावतच तिकडं गेले. "ताई, ती खूण ठेवायची हाय. कापायची न्हाई."

"आमच्याकडे मार्क केलं की डिलीट करतात," ती कशीबशी म्हणाली.

कापलेल्या चारांपैकी तीन रोपं होती; त्यांचे कंद जमिनीत शाबूत होते. चौथ्या जागी फुटकी अंडी होती. पोपटरावांनी त्यांवर मूठभर गवत टाकलं. पाचव्या गाठीखालून लावरी भुर्रकन उडाली. आत पाच अंडी.

वनरक्षक रंगराव येऊन उभे राहिले. "मधे गवत ठेवलंत, तर आग ह्याच पुलावरून पलीकडं जाईल. कापा."

बोलणं खोटं नव्हतं. पोपटराव खुरपं घेऊन खाली बसले आणि गवताच्या त्या झुबक्याभोवतीची जमीन पार मातीपर्यंत खरवडू लागले. शर्मिलानं दुसरं खुरपं उचललं. दुपारपर्यंत भोवती रुंद, उघडं कडं झालं.

"सरळ रेषेत भोपळा काढलात," रंगराव म्हणाले.

"भोपळाच हाय, साहेब. आत बिया हायत."

पंधरा दिवसांनी पलीकडच्या उतारावर वणवा पेटला. रेषेपाशी येऊन विझला. सकाळी पोपटराव वर गेले. झुबका तसाच उभा होता. आत रिकामी टरफलं होती आणि कडेच्या राखेत बारीक पावलं उमटली होती.

त्यांनी गाठ सोडली आणि मग विळा काढला.