तलाठ्याचा गाल

निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात ज्या म्हणून बोक्याचा गाल एकदा सुजला, त्याने आमच्या आक्काला पोटभर शिव्या घातल्या आहेत आणि आठ दिवसांनी तिच्याच पायाला अंग घासलं आहे. आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त झाली आणि निपाणीत अण्णाच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या, तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागली. वखारीत उंदीर, उंदरांमागे मांजरं, मांजरांमागे मारामाऱ्या आणि मारामाऱ्यांमागे आक्का, असा तो क्रम. मी बेळगावच्या अनगोळात राहतो, पन्नाशी ओलांडली आहे, कचेरीत साहेब आणि घरात बायको माझं ऐकून घेतात आणि मग ठरलेलं तेच करतात. त्यामुळे कुणाचंही काही न ऐकणाऱ्या आक्काबद्दल मला लहानपणापासून भीतीयुक्त आदर वाटत आला आहे.

तिच्याकडे एक स्टीलचा डबा आहे. पूर्वी त्यात चकल्या असत. आता त्यात बोथट टोकाची कात्री, कापूस, जुन्या लुगड्याच्या घड्या आणि सुई काढून टाकलेली इंजेक्शनची नळी असते, आणि नव्या पाहुण्याने चकलीच्या आशेने झाकण उघडलं की आक्काला फार आनंद होतो. गाल सुजलेलं मांजर आलं की ती त्याला टॉवेलात अशी गुंडाळते की करंजीतून फक्त तोंड बाहेर राहावं. मग त्या जागेचे केस कापायचे आणि मिठाच्या कोमट पाण्याचा शेक. शेक किती वेळ द्यायचा हे घड्याळ लावून नव्हे, तर पाढे म्हणून ठरतं. बे एके बे पासून सुरुवात, आणि एकोणीसचा संपला की कापूस बदलायचा. मास्तरणीचे पाढे खणखणीत. वखारीतली निम्मी मांजरं माझ्यापेक्षा गणितात पुढे आहेत, हे तिने माझ्या बायकोसमोर सांगितलेलं आहे. शेकाने गळू फुटलं की नळीने आत पाणी मारून सगळा पू धुऊन काढायचा, औषधासाठी जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि त्यानंतरचा तिचा कायदा एकच : "भोक बुजू द्यायचं न्हाय. मांजराच्या दाताची जखम लई लबाड असती. वरनं मिटती आणि आत नासती."

या कायद्यापायी तिने सगळ्या गावाशी वैर घेतलं. आमच्याकडे जखम म्हटली की पहिल्यांदा आठवते ती तंबाखूची पूड. माणूस असो, बैल असो, चिमूट भरायची आणि फडकं आवळायचं. अण्णाच्या वखारीतून तर ही पूड अर्ध्या गल्लीला फुकट जाते. आक्का मात्र आल्यागेल्याला बजावते, "तंबाखू म्हंजे मांजराला विष हाय. आणि तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्या तर त्याच्या वासालासुद्धा न्हेऊ नका." लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन पूड भरतात.

अण्णाचा राग वेगळा. जैनाच्या घरी उंदीर मारणारं जनावर पोसायचं, ते त्याला पटत नाही. वखारीतले उंदीर कमी झालेले मात्र पटतात. एकदा आक्का एका बोक्याचा पू धूत बसली असताना तो दारातून म्हणाला, "आक्का, अहिंसेच्या गप्पा मारतीस. त्या पुवात लाखो जीव असतील की गं. त्यांची हत्या न्हाय व्हय?"

आक्काने मान वर केली नाही. "हाय की. त्येंचं प्रायश्चित्त मी घेते. हा मेला तर ह्येचं तू घेणार हाईस काय?"

अण्णा वखारीत परत गेला.

तिच्या सगळ्या मांजरांत तलाठी हा लाडका. दररोज गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरून चुलीपर्यंत पाहणी करतो आणि काहीतरी खाल्ल्याशिवाय हलत नाही, म्हणून तलाठी. यंदाच्या पावसाळ्यात मी निपाणीला गेलो होतो, त्याच दिवशी तो लिंबाएवढा गाल घेऊन आला. आक्काने शेक दिला, गळू फुटलं, धुऊन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. सकाळी तिला प्रवचनाला जायचं होतं. जाताना मला म्हणाली, "दोन तासांचा प्रश्न हाय. नुसता बघत बस. काय करू नको. काय न करणं तुला जमतंय, म्हणून सांगते."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर काही सोपवलं होतं. मी तलाठ्यासमोर पाट मांडून बसलो. तासाभराने जखमेतून लालसर पाणी वाहू लागलं आणि माझा धीर सुटला. अण्णा आला, बघितलं, म्हणाला, "असं उघडं ठेवतात व्हय रं? चिमूटभर भर आणि बांध. आपल्या आज्यानं जन्मभर हेच केलं." आक्काचा कायदा मला पाठ होता. पण समोर अण्णा उभा होता, आणि समोर जो उभा असेल त्याचं मी ऐकतो. मी पूड भरली. वर फडकं बांधलं, गाठसुद्धा छान आली.

आक्का परतली तेव्हा तलाठ्याच्या तोंडातून लाळेची तार लागली होती आणि चारही पाय थरथरत होते. तिने फडक्याकडे बघितलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "टोपली घे." आणि फडकं सोडून नळीने पाणी मारू लागली. पूड बाहेर येत होती. तेव्हाच मला दिसलं, पाणी जखमेपेक्षा तिच्या लुगड्यावर जास्त पडत होतं. हात थरथरत होता. माझी नजर तिच्या लक्षात आली. "मांजर हलतंय," ती तुटकपणे म्हणाली. मांजर तेव्हा हलण्याच्या पलीकडे गेलेलं होतं.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नऊ म्हशी, दोन बैल आणि एक शेळी आमच्या आधी होती. खिडकीतल्या माणसाने टोपलीत डोकावून पाहिलं. "आक्का, हितं गुरं बघतात. तुमच्या जनावराला ह्या कागदावर रकानाच न्हाय."

"मग लहान वाघ म्हणून लिवा."

"असं कसं लिवायचं?"

"म्हशीच्या रकान्यात लिवा तर. पण तो मरायला टेकलाय. शेळीवाले पाव्हणे, तुमची शेळी उभी हाय का न्हाय? माझा आडवा हाय. मी पुढं जाते."

आणि ती गेली. एका म्हशीच्या पोटाखालून जवळजवळ, सत्तरीची बाई, टोपली छातीशी धरून. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले की आपल्याकडच्या सुयासुद्धा म्हशीच्या मापाच्या आहेत. आक्काने त्याहून चोख कन्नडमध्ये सांगितलं की सुई समोरच्या मेडिकलमध्ये मिळते आणि तिचा भाऊ आत्ता पळत जाऊन आणणार आहे. तो भाऊ म्हणजे मी. शाळेनंतर मी प्रथमच पळालो. डॉक्टर मात्र भला माणूस. एकदा हात घातल्यावर त्यांनी कुठलीच कसर ठेवली नाही. जखम मोठी करून आतपर्यंत धुतली, सलाईन लावलं आणि म्हणाले, "सूर्यास्तापर्यंत टिकला तर वाचला."

आम्ही व्हरांड्यात बसलो. म्हशी एकेक करून गेल्या. जैन बाई, दिवस मावळायच्या आत जेवते. त्या दिवशी तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी म्हणालो, "आक्का, काहीतरी खाऊन ये. मी बसतो की."

"तू?" एवढंच म्हणाली. त्या एका अक्षरात माझा सगळा जमाखर्च होता.

ऊन व्हरांड्यातून खाली उतरलं, अंगणातून गेलं, समोरच्या कौलांवर चढलं. आक्का टोपलीवर हात ठेवून हळू आवाजात पाढे म्हणत होती. तेराचा चालू असताना तलाठ्याने डोळे उघडले, आक्काकडे बघितलं आणि फिस्कारला. "शाब्बास," आक्का म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. सूर्य गेला होता. त्या दिवशी ती उपाशीच राहिली.

डॉक्टरांनी दहा दिवस सकाळ-संध्याकाळ जखम धुवायला सांगितली. आक्का बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होती. मग तिने चकलीचा डबा उचलून माझ्या मांडीवर आदळला. "तू बुजवलंस. आता तूच उघडं ठेवायचं. घेऊन जा त्याला अनगोळला. शिक्षा हाय ही, कळलं का?" अण्णा मागून म्हणाला, "अगं, ह्याच्याकडं कशाला देतीस?" तर म्हणाली, "चुकलेल्या पोराकडनंच परत परत लिहून घ्यायचं असतं. तूबी वखारीच्या दाराला पाटी लाव, मांजराला तंबाखू विष हाय म्हणून." ती पाटी आता लागलेली आहे. अण्णाने अक्षर शक्य तितकं बारीक काढलं आहे.

तेव्हापासून दररोज सूर्य मावळायच्या आधी, आक्काचं जेवण उरकलं की फोन येतो. भोक बुजलं का? पू कसल्या रंगाचा? औषध दिलंस का? आणि शेवटी, सतराचा म्हण बघू. मी सतरा साते एकशे एकोणीसला अडखळतो, बायको आतून हसते, तलाठी टॉवेलातून माझ्याकडे तुच्छतेने बघतो.

काल फोन आला. "वाहतंय का रं अजून?"

तलाठी माझ्या मांडीवर पसरला होता. गाल कोरडा, वर नवे केस. आमच्या गल्लीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांची पाहणीही त्याची संपलेली. दहा दिवस होऊन महिना उलटला आहे.

"वाहतंय आक्का. थोडं थोडं."

असली जखम किती दिवसांत भरते, हे त्या बाईला मी शिकवायला नको होतं.

"असू दे," ती म्हणाली. "घाई करू नको. आतनं भरू दे सावकाश." मग घसा खाकरून, नेहमीच्या मास्तरणीच्या आवाजात : "हं, सतराचा."

मी म्हणायला लागलो.