दातांना व्हार्निश

माझ्या दातांनी पहिली तक्रार केली ती नवऱ्याच्या स्कूटरवर. जानेवारीतली सकाळ होती. रायपुरात भनपुरीकडून घरी येताना तो पुढून काहीतरी सांगत होता, मी मागे हसले, आणि तोंडात शिरलेला गार वारा डाव्या बाजूच्या दातांवरून असा सळकन गेला की हसू अर्ध्यावरच मिटलं. दात आंबणं मला माहीत होतं. लहानपणी कच्च्या चिंचा खाऊन ते भरपूर अनुभवलं होतं. हे वेगळं होतं. कळ दाताच्या मुळाशी उठायची, थेट कानामागे जायची आणि चार-पाच सेकंदांत नाहीशी व्हायची, जणू काही झालंच नव्हतं.

मी स्कूटरवर बोलणं बंद केलं. आठवडाभर नवऱ्यानं वाट पाहिली. मग एका रेल्वे फाटकाशी थांबलो असताना त्यानं मान वळवून विचारलं, "तू बोलून काहून नाही राहिली? तुले समजलं काय?"

मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ त्यानं स्वतःच लावला आणि मालगाडी पुढून जाईपर्यंत सगळं सांगून टाकलं. अमरावतीचा त्याचा मोठा भाऊ बायको, सून आणि दोन नातवंडांसह पूर्ण मे महिना आमच्याकडे राहायला येणार होता. नवऱ्यानं दिवाळीतच हो म्हणून ठेवलं होतं. दातांच्या दुखण्याचा मला झालेला हा एकमेव फायदा.

दात दुखतात हे मी घरात सांगितलं नाही. याला कारण सासूबाई. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आणि तोंडातला एकही दात पडलेला नाही. मक्याचं कणीस त्या अजून दातानं सोलतात. कुणाचा दात दुखतो म्हटलं की त्या आजाराची चौकशी करत नाहीत, वागणुकीची करतात. शिवाय घरात दात घासण्यावर भाषणं देणारी मी. दोन्ही मुलं लहान असताना मी त्यांना बेसिनसमोर उभं करून शिकवायची, जोर लावा, फेस आला पाहिजे. अशा बाईनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

उन्हाळा लागला तसं ऑफिस अवघड झालं. मी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात अनुवादाचं काम करते. तिथल्या कूलरचं पाणी म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. म्हणून मी घरून थर्मासमध्ये कोमट पाणी न्यायला लागले. एप्रिलच्या शेवटी, बाहेर डांबर मऊ झालेलं असताना, मी थर्मासच्या झाकणात ते कोमट पाणी ओतत असे. शेजारच्या टेबलावरची सहकारी अस्सल रायपूरची. वयानं माझ्याहून थोडी लहान, मला दीदी म्हणते. तिनं तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी खुर्ची ओढून जवळ आली.

"दीदी, इस गर्मी में गरम पानी? वजन के लिए ना?"

माझ्या तोंडात घोट होता. दुखऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून तो मी उजव्या गालात धरून ठेवला होता. बोलता येईना, म्हणून मी मान हलवली. ती मान मला फार महागात पडली.

मी त्या काळात बारीक झाले होते हे खरं. पण त्याला कुल्फी बंद, रसगुल्ला बंद, लस्सी बंद, आंबासुद्धा फ्रिजमधून काढून दोन तासांनी, एवढीच कारणं होती. सहकारीण ते सगळं पाण्याच्या खात्यावर टाकून मोकळी झाली. पंधरा दिवसांत आमच्या विभागात सहा थर्मास आले. महिन्याभरात एक विजेची किटली आली. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंचे गुडघे हलके झाले. एका साहेबांचं पित्त बसलं. लोक मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारत, जेवणाआधी की नंतर, किती गरम, बसून की उभ्यानं. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून मी जसं प्यायचे तसंच सांगितलं. एकेक घोट, आणि थोडा वेळ उजव्या गालात धरायचा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी मान वर करून पाहिलं तर अर्धा विभाग उजवा गाल फुगवून फायली वाचत होता. मला हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं, कारण एसी चालू होता.

मे महिन्यात अमरावतीची मंडळी आली. त्यांचा सगळा मुक्काम मी हातचलाखीनं निभावला. सरबत सगळ्यांना द्यायचं आणि आपला ग्लास ओट्यावर विसरायचा, वगैरे. जायच्या आदल्या संध्याकाळी मात्र जाऊबाईंनी उसाचा रस आणवला, बर्फ घालून, आणि माझ्या हातात ग्लास देऊन समोरच बसल्या. मी एक घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना. जाऊबाईंनी माझा हात धरला. त्याही रडायला लागल्या.

"एवढा जीव लावते गं तू," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या दिरांकडे वळून त्यांनी सांगितलं, "राहू अजून आठ दिवस. हिले सोडून जावंसं नाही वाटत."

नवरा माझ्याकडे पाहत राहिला. त्या रात्री मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग तू जानेवारीत नाराज नव्हती?" मी नाही म्हटलं. आपण फाटकापाशी उगाच कबुली दिली याचं त्याला माझ्या दातांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

पाहुणे गेल्यावर मी पंडरी बाजारातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेले. खाली कापडाचं दुकान, वर दवाखाना. आपला जबडा उघडा असतो आणि खाली कुणीतरी टर्रकन कापड फाडतं, त्यानं जीव उगाच दचकतो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, गोंदियाकडची मराठी पोरगी. मराठी तिला सगळी समजत होती, पण बोलत होती हिंदीत. मी मराठीत दुखणं सांगत होते, ती हिंदीत औषध सांगत होती, आणि आमचं अगदी व्यवस्थित चाललं होतं.

तिनं आधी कीड आहे का, तडा गेलाय का ते पाहिलं. मग एका नळीनं दातावर बारीकशी हवा सोडली. मी तिचं मनगट धरलं.

"आंटी, हाथ छोड़िए," ती शांतपणे म्हणाली. "ब्रश कितनी देर करती हैं?"

हा प्रश्न कुणी विचारावा याची मी आयुष्यभर वाट पाहिली होती. "दहा मिनिटं," मी म्हणाले. "कडक ब्रशनं. जोर लावून. आडवं."

"बस, यही बीमारी है."

मग तिनं आरसा दिला आणि दाखवलं. तीस वर्षं मी ज्या निष्ठेनं घासत होते, त्या निष्ठेनं हिरड्या मागे सरकल्या होत्या आणि दातांची मुळं उघडी पडली होती. मुळांवर वरच्यासारखं टणक कवच नसतं, त्यामुळे गार, गरम, गोड सगळं थेट आत पोचतं. कीड नव्हती. दोष कुणाचा हे तिनं सांगितलं नाही, पण खोलीत आम्ही दोघीच होतो आणि तिचे दात चांगले होते.

त्यावर तिनं फ्लोराइडचं व्हार्निश लावायचं ठरवलं. मी फक्त दाखवायला गेले होते, पण ती म्हणाली पाच मिनिटांचं काम आहे. कापसानं दात कोरडे केले आणि नेलपॉलिशच्या कुंचल्याहून लहान कुंचल्यानं एकेका दाताच्या मुळाशी पिवळसर चिकट लेप लावला. दुखलं अजिबात नाही. लाळ लागली की तो आपोआप घट्ट होतो म्हणे. मग सूचना: आज ब्रश नाही, कडक काही चावायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत गरम काही प्यायचं नाही. आजचा दिवस दात पिवळे दिसतील. फरक हळूहळू पडेल, काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल. आणि ब्रश मऊ घ्यायचा.

"गरम पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं.

"वो तो बिल्कुल नहीं."

तेव्हा मला आठवलं की दुपारी माझं व्याख्यान आहे. सहकारिणीनं जेवणाच्या सुट्टीत वरच्या हॉलमध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी 'दीदीचा अनुभव' असा कार्यक्रम ठेवला होता. विषय गरम पाणी.

मी पोचले तेव्हा पंचवीस-तीस जणी बसल्या होत्या, बहुतेकींच्या मांडीवर थर्मास. मी ओठ मिटून नमस्कार केला. सहकारिणीनं माझ्याबद्दल चार शब्द सांगितले, त्यातला एकही खरा नव्हता. मग एका स्टीलच्या ग्लासात वाफाळतं पाणी आणून माझ्यापुढे धरलं. "दीदी पहला घूंट लेंगी, फिर हम सब."

सगळ्यांनी झाकणं भरून हातात घेतली. मी ग्लास टेबलावर ठेवला.

"मैं नहीं पी सकती," मी म्हणाले. "डॉक्टर ने मना किया है."

मागच्या रांगेत कुणीतरी झाकणातलं पाणी हळूच परत थर्मासमध्ये ओतलं. पित्तवाल्या साहेबांची बायको तिथंच कामाला होती. ती फोन घेऊन बाहेर गेली. ज्यांचे गुडघे हलके झाले होते त्या बाई म्हणाल्या, "मुझे पहले से लग रहा था, कुछ गड़बड़ है." गुडघ्यांना हात लावून त्या बसल्या.

आता गप्प राहिले असते तर संध्याकाळपर्यंत सगळे दवाखान्यात पोचले असते. म्हणून मी सांगून टाकलं. वजनाचा काही संबंध नाही, माझे दात सळसळतात, म्हणून मी कोमट पाणी पिते, आणि डावी बाजू दुखते म्हणून उजवा गाल. पुरावा म्हणून ओठ वर करून पिवळे दातही दाखवले.

आधी पुढच्या दोघी हसल्या, मग सगळ्याच. सहकारीण तेवढी हसली नाही. तिचं चार किलो वजन खरोखर कमी झालं होतं.

"दीदी, तुम्हारा दांत होगा," ती म्हणाली, "मेरा तो वजन ही है." आणि उजवा गाल फुगवून तिनं आपलं झाकण संपवलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवर डॉक्टरचा पत्ता लिहून मागितला. तिच्या नवऱ्याच्या दातांनाही तसंच होतं म्हणे.

घरी सासूबाईंना सांगणं भाग होतं, कारण रात्री मी गार झालेली खिचडी खात होते.

"व्हार्निश?" त्या म्हणाल्या. "दाराले लावते तेच काय?"

"तसंच, पण दाताचं."

त्यांनी माझ्या नवऱ्याला टॉर्च आणायला लावला, माझी हनुवटी धरली आणि बराच वेळ आत पाहिलं. "हात सारखा नाही फिरला," त्यांनी निकाल दिला. "एका बाजूले जास्तच पिवळं दिसून राहिलं."

दुसऱ्या दिवशी तो पिवळेपणा गेला. वाऱ्याची कळ हळूहळू मावळली. दोन-तीन आठवड्यांनी मी माठातलं पाणी डाव्या बाजूनं प्यायले, डोळे मिटून, आणि काहीच झालं नाही. मग अजून एक भांडं प्यायले, तहान नसताना.

काही महिन्यांनी पुन्हा लेप लावायला निघाले तेव्हा सासूबाई धुवट साडी नेसून दारात तयार होत्या. त्यांना आपले दात डॉक्टरला दाखवायचे होते. डॉक्टरनं त्यांचं तोंड तपासलं, पुन्हा तपासलं आणि खरंच कौतुक केलं. सासूबाई खुर्चीतून उठेनात.

"आता लाव," त्या म्हणाल्या.

"दादी, आपको ज़रूरत नहीं है."

"सुनेले लावलं. मले काहून नाही?"

डॉक्टरनं समजावलं की मुळं झाकलेली आहेत, दुखत काही नाही, मग लेप कशाला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिला काही सांगून ठेवलं होतं. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "चांगले दात ठेवून काय भेटलं मले?"

मी त्यांना घराजवळच्या दुकानातून एक मऊ ब्रश घेऊन दिला. त्यांनी तो उशाशी ठेवला आहे, अजून पाकिटातच.