सीडीवरचा माझा फोटो

माझ्या लग्नाची सीडी मी स्वतः बनवली. लग्नाची म्हणजे लग्न झाल्यावर शूटिंगवाला देतो ती नव्हे, लग्न ठरावं म्हणून वाटायची. लग्न काही ठरलं नाही. त्याचं मला आता काही वाटत नाही, तेव्हा कुणी उगाच हळहळू नये. सीडी मात्र उत्तम झाली होती, दुकानातून आणल्यासारखी.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे आणि आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आई, बाबा आणि मी. बाबा टर्नर. भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेले आणि तीस वर्षं लेथपुढे उभे राहिलेले. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार आणि त्याच्या आत माझं लग्न झालं पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच होती आणि ती तोंडावरच होती. बाविसाव्या वर्षी माझ्या खालच्या ओठाखाली, समोरून बघणाऱ्याच्या जरा डावीकडे, एक पांढरा ठिपका आला. वर्षभरात तो चिंचोक्याएवढा झाला आणि तिथेच थांबला. कोड. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आई तरीही बावचीचं तेल लावायची. बाबांनी डॉक्टरांचं ऐकून मान डोलावली, आणि त्यानंतर घरात त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. चांगलं नाही की वाईट नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कपाळाकडे बघायला लागले. कपाळाशी गप्पा मारणारा माणूस समोर असला की आपणही हळूहळू भिंतीकडे बघून उत्तरं द्यायला लागतो.

मला काय हवं होतं ते इथेच सांगून टाकते. नवरा मिळाला असता तर मिळाला असता. बाबांनी एकदा त्या डागाकडे सरळ बघावं, एवढंच मला हवं होतं. सहा वर्षं मी त्याची वाट बघत होते, आणि वाट बघून बघून मला बाकी कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ऑफिसच्या बसमध्ये बसायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, परत यायचं, जेवायचं.

आमच्या बौद्ध समाजात लग्न जमवताना पत्रिका बघत नाहीत. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे नकार देणाऱ्यांची फार पंचाईत होते. इतरांना ग्रहांवर ढकलून मोकळं होता येतं. आमच्याकडे "मुलाचा इतक्यात विचार नाही" म्हणावं लागतं, आणि मग दोन महिन्यांत त्याच मुलाच्या लग्नाचं आमंत्रण येतं. अशा तीन-चार लग्नांना आम्ही जेवूनही आलो. परिचय मेळाव्याच्या पुस्तकात माझा फोटो दोनदा छापून आला होता. तो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि छपाई अशी की त्या पानावरच्या बाराही मुली सख्ख्या बहिणी वाटाव्यात.

अशात कारखान्यातल्या कुणीतरी आपल्या इंजिनियर मुलाची सीडी वाटली. आत बायोडेटा, फोटो, डिग्रीची सर्टिफिकिटं, आणि वर गुळगुळीत रंगीत लेबल. बाबा ती सीडी घरी घेऊन आले आणि उलटसुलट करून बघत बसले.

"लेबल तिरपं लावलंय," ते म्हणाले. "आपण घरी करू. पण काम फिनिशिंगचं पाहिजे."

मी प्रिंटर आणला. लेबलचे कागद बाजीराव रोडला मिळाले, एका पानावर दोन गोल, मधलं भोक आधीच कापलेलं. दोन प्रकारचे होते. एकात मधलं भोक चांगलं वाटीच्या बुडाएवढं, दुसऱ्यात सीडीच्या भोकाएवढंच. फोटो मोठा दिसावा म्हणून मी लहान भोकाचे घेतले. डबीच्या पुढच्या कागदावर नाव, उंची, शिक्षण, नोकरी. मागच्या कागदाच्या दोन्ही कडा दुमडून त्या पट्टीवरही माझं नाव छापायचं, असा बाबांचा आग्रह, म्हणजे कपाटात उभी ठेवली तरी वाचता येईल. लोक मला कपाटात ओळीने लावून ठेवणार होते जणू. पण मी छापलं. बाबांनी स्टीलची पट्टी धरून ब्लेडच्या पाठीने रेघ मारली आणि कागद असा दुमडला की कडा हाताला लागावी.

लेबल मात्र नुसत्या हाताने सरळ बसत नव्हतं. एकदा चिकटलं की सुटत नाही, आणि ओढून काढलं तर सीडीची चांदी लेबलाबरोबर निघून येते. पहिल्या चार सीड्या अशा फुकट गेल्या. बाबांनी व्हर्नियरने सीडीच्या भोकाचं माप घेतलं, पंधरा मिलिमीटर. मग स्वयंपाकघरात गेले, लाटण्याचा एक दांडा करवतीने कापला, पॉलिश पेपरने घासून मापात आणला आणि एका फळीवर उभा ठोकला. आधी खुंटीत लेबल घालायचं, चिकट बाजू वर, मग वरून सीडी सोडायची. केसाचाही फरक पडायचा नाही.

"काहून तोडलं जी माझं लाटणं?" आई म्हणाली.

"पोळ्या काय, एका दांड्यानंही लाटता येतात," बाबा म्हणाले. आई त्यानंतर आठवडाभर तसंच लाटत होती, आणि पोळ्यांचे आकार बघून बाबांनी गुपचूप नवं लाटणं आणून दिलं.

राहिला फोटो. स्टेशनजवळच्या स्टुडिओत समोरून काढलेला एक फोटो होता, चेहरा मोठा, प्रकाश चांगला. स्टुडिओवाल्याने तेव्हाच विचारलं होतं, "हा डाग काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे." बाबा त्याच्यावर एकदम उखडले होते. "खोटं चालत नाही आमच्याकडे. जशी आहे तशी काढा." त्या वाक्यावर मी बरेच महिने जगले. मूर्खपणा होता, पण जगले.

तर तो फोटो मी स्क्रीनवर गोलात बसवला. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे. चेहरा मधोमध आला आणि भोक नाकावर.

"हे बरं नाही दिसत," बाबा म्हणाले. "फोटो जरा वर घे."

मी घेतला. भोक ओठांवर आलं.

"अजून थोडा वर."

घेतला.

"आता उजवीकडे सरकव. थोडा. किंचित अजून. बस."

मी माऊसवरचा हात काढला. स्क्रीनवर माझे डोळे होते, नाक होतं, ओठ होते, आणि ओठाखाली, जरा डावीकडे, एक रिकामा गोल. डाग त्यात पुरता मावला होता. टर्नरची नजर होती ती, नुसत्या डोळ्यांनी माप घेणारी.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "बाबा, हे काय करताय?" एवढं तरी. पण सरकवणारा हात माझाच होता आणि बाबा एका शब्दानेही खोटं बोललेले नव्हते. सीडीला भोक असतंच. मी प्रिंटचं बटण दाबलं. पंचवीस सीड्या झाल्या. बाबा एकेक लेबल खुंटीवरून बसवायचे आणि अंगठ्याने मधून बाहेर दाबत न्यायचे, हवेचा एकही फुगा राहू नये म्हणून. फार सुरेख काम झालं. माझ्या आत काहीही हललं नाही. मी डब्या पुसल्या आणि पाकिटांवर पत्ते घातले.

महिन्याभराने चिंचवडहून एक कुटुंब बघायला आलं. मुलगा, आणि त्याची आई, शाळेत मुख्याध्यापिका. जयभीम झाला, पाणी झालं, मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. कपाळाकडे नाही. मग पर्समधून आमची सीडी काढली. नकार असेल तर फोटो परत करायची पद्धत आहे, आणि त्या तयारीनेच आल्या होत्या. त्यांनी डबी उघडली, एकदा सीडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हे मुद्दाम केलंत का?" त्यांनी बाबांना विचारलं. आवाज चढवला नाही.

"सीडीला मध्ये भोक असतंच, मॅडम," बाबा म्हणाले.

"असतं की. फोटो कुठे सरकवायचा ते आपल्या हातात असतं."

मुलगा मान खाली घालून पोहे खात राहिला. पोहे चांगले झाले होते. निघताना बाईंनी सीडी टीपॉयवर ठेवली आणि दारात माझ्या हातावर हात ठेवला. "तुझ्यात काही कमी नाही, बाळ. आधी सांगितलं असतंत तरी आम्ही आलो असतो."

त्या गेल्यावर मी बशा विसळल्या. मला अपमान वाटायला हवा होता, निदान राग तरी यायला हवा होता. मी वाट बघितली. काहीच आलं नाही. बाबा टीपॉयसमोर तसेच बसून होते. पुढचे आठ दिवस ते कारखान्यातून यायचे, जेवायचे आणि झोपायचे. "आता काहून गप्प बसून राहिले?" असं आईने दोनदा विचारलं, मग तीही थकली. माझ्याशी ते बोललेच नाहीत, कपाळाशीसुद्धा नाही.

रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला. तोच फोटो घेतला आणि खूप वर सरकवला, इतका की भोक गळ्याखाली कुर्त्यावर गेलं. केस वरून जरा कापले गेले, जाऊ देत. ओठाखालचा डाग गोलात स्वच्छ दिसत होता. एकच लेबल छापलं, पंख्याखाली वाळवलं, आणि ते, एक कोरी सीडी आणि ती फळी बाबांसमोर नेऊन ठेवली. ते बनियनवर पेपर वाचत बसले होते.

"हे लावून द्या," मी म्हटलं. "आता हे पाठवायचं."

बाबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा लावला. लेबल हातात घेतलं आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. खिडकीकडे धरून बघितलं.

"नवा फोटो काढलास?" त्यांनी विचारलं.

"नाही. तोच आहे."

त्यांनी परत बघितलं. मग मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, फोटोत जिथे बघत होते तिथेच. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर चाललं होतं आणि मी नुसती उभी होते, बँकेच्या खिडकीपुढे उभं राहावं तशी.

"हं," बाबा म्हणाले. मागचा कागद सोलला, लेबल खुंटीवर घातलं, वरून सीडी सोडली. उलटी केली. तंतोतंत बसलं होतं. फक्त एक बारीक हवेचा फुगा राहिला होता, नेमका ओठाखाली. बाबांनी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. एकदा, दोनदा, मग हळूहळू गोल फिरवत. फुगा गेला तरी अंगठा तिथेच फिरत होता. इतक्या वर्षांत कुणीही, आईचा तेलाचा हात सोडला तर, तिथे हात लावला नव्हता. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आणि रडावंसं वाटतंय याचाच इतका आनंद झाला की मी टेबलाची कड धरली.

"चांगलं आलंय," बाबा म्हणाले. "पाठव खुशाल." आणि त्यांनी अंगठा उचलून बनियनला पुसला. दोनदा पुसला, मग बघितला, मग पेपर उचलला.

शाई ओली राहिली असेल, मी स्वतःला सांगितलं. ग्लॉसी कागदावर राहते कधीकधी.

संध्याकाळी मी धुणं भिजवायला घेतलं. सगळ्यात आधी ते बनियन शोधून काढलं आणि ट्यूबलाइटखाली धरून पुढून-मागून बघितलं. पांढरं स्वच्छ होतं.