ओ दिली नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

मी चंद्रपुरात कविता म्हणतो. गात नाही, नुसती बोलतो. मागं मित्र गिटार वाजवतो. आमची मोहाची कविता तुम्ही मोबाइलवर ऐकलीही असेल. सुरुवातीला एका बाईची हाक येते — ‘कुठी हायेस वो?’ — आणि मग शांतता. लोक म्हणतात, त्या शांततेनं अंगावर काटा येतो. येणारच.

पोंभुर्ण्याकडच्या रानात बाया सकाळी मोहफुलं वेचतात, एकमेकींना हाका मारत. रान वाघाचं. हाक आली की ओ द्यायची; ओ आली नाही तर टोपली टाकून तिकडं धावायचं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर! पण माहीत होतं.

त्या हाका रेकॉर्ड करायला मी तिथं गेलो होतो. वनमाला माझ्याजवळच्या झाडाखाली वेचत होती. तिची जाऊ रेखा नाल्यापलीकडे. काय आवाज होता रेखाचा! मला तिची हाक स्वच्छ हवी होती, वर दुसरा आवाज नको. मी वनमालाला म्हटलं, बाई, एवढ्या वेळेला ओ देऊ नका. ती हसली, गप्प राहिली. रेखानं पुन्हा हाक मारली. पुन्हा. आवाज घाबरत चालला होता — आणि मी खूश होत होतो, कळतंय ना? मग हाक थांबली. जाऊ ओ देत नाही म्हणून रेखा टोपली टाकून नाल्यात उतरली होती. वाघ तिथंच बसला होता.

गाव वनमालावर तुटून पडलं. काऊन ओ नाई देली? तिनं माझ्याकडं बोट केलं. “या भाऊनंच म्हनलं होतं. सांगा न, भाऊ!”

मी म्हटलं, मी तर गाडीजवळ होतो.

शहरातल्या माणसाचं खरं मानलं गेलं. जावांचं आधीपासून पटत नव्हतं, असंही कुणीतरी म्हणालं, आणि तेच कायम झालं. वनमालाला त्या घरानं ठेवलं नाही. ती माहेरी, भावाच्या ओसरीवर राहते म्हणे. मी भ्याड आहे, दुसरं काय म्हणू? रेकॉर्डिंगमधलं ‘ओ देऊ नका’ हे माझं वाक्य मी कापलं. हाकही पुसायला हवी होती. पण ती फार चांगली आली होती.

अजूनही प्रत्येक कार्यक्रमात रेखा विचारते, कुठी हायेस वो? मी माइकसमोर उभा असतो. ओ देत नाही.