शुक्राची सत्त्याण्णव मिनिटं

पंखेवाल्या काकांच्या दुकानात एकतीस वर्षं एकच तक्रार येत आली होती: हळू फिरतो. काका पंखा उघडत, जळलेली तार काढून नवी गुंडाळत, आणि मग तो असा सुटे की गिऱ्हाईक टेबलावरचे कागद धरायला धावे. त्यांच्या हातून गेलेला एकही पंखा पुन्हा दुरुस्तीला आला नव्हता. मिरवण्यासारखं आयुष्यात एवढंच होतं, आणि तेवढं ते पुरवून पुरवून मिरवत.

विज्ञानदालनाच्या प्रमुख बाई सूर्यमालेचं काम घेऊन आल्या तेव्हा काकांनी आधी हो म्हटलं आणि मग कागद वाचला. सूर्य आणि आठ ग्रह, सगळे लाकडी गोळे. प्रत्येकानं जागच्या जागी, स्वतःभोवती, आपापल्या गतीनं फिरायचं. खऱ्या एका तासाला इथे एक सेकंद. त्या हिशेबानं गुरूची गिरकी दहा सेकंदांत, पृथ्वीची चोवीस. सूर्याला दहा मिनिटं. तो म्हणे पोटाशी लवकर आणि टोकांशी सावकाश फिरतो. लाकडाला हे नखरे जमणार नाहीत म्हणून बाईंनी पोटाचाच वेग चालवून घेतला. आणि शुक्राला सत्त्याण्णव मिनिटं, तीही उलट्या दिशेनं.

"उलटा फिरणारा पंखा म्हणजे कारागिराची अब्रू गेली," काका घरी म्हणाले.

"ग्रह आहे तो," काकू म्हणाल्या. "त्याच्याखाली झोपायचं नाहीये कुणाला."

महिनाभर काकांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळांची दातेरी चाकं जमवली. जन्मभर मोटारी पळवलेल्या माणसानं एका मोटारीला रांगायला शिकवलं.

बुधवारी तपासणीचे साहेब आले. त्यांची सही झाली की दालन उघडणार होतं. गुरूपाशी साहेब खूश झाले, शनीपाशी तर हसलेसुद्धा. शुक्रापाशी थांबले.

"हा बंद आहे."

"चालू आहे, साहेब," काका म्हणाले.

"फिरताना दिसत नाही तो."

"उलटा फिरतोय."

साहेब बाईंकडे वळले. "म्हणजे बंदही आहे आणि वायरीही उलट्या जोडल्यात. दुरुस्तीला पाठवा, मग सही."

दुरुस्ती हा शब्द काकांच्या वर्मी लागला. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, शुक्रावर, खालच्या बैठकीच्या स्क्रूच्या बरोबर समोर, बारीक रेघ मारली आणि साहेबांपुढे खुर्ची सरकवली. "बिघडलाय असं लिहायचं तर बिघडलेला बघून लिहा. सत्त्याण्णव मिनिटं लागतील."

"हरकत नाही," साहेब टेकत म्हणाले. "सत्तावीस वर्षं नोकरी बसूनच केलीय."

पहिली दहा मिनिटं साहेब जिंकत होते. विसाव्या मिनिटाला रेघ चांगलीच बाजूला सरकलेली दिसली, तेव्हा टेबल हललं असेल असं त्यांचं मत पडलं. चाळिसाव्या मिनिटाला ती मागच्या अंगाला गेली, तसे साहेबही खुर्चीसकट मागे गेले. बाईंनी चहा दिला. रेघेवरची नजर न काढता त्यांनी तो घेतला आणि त्यातला बराचसा गुडघ्यावर सांडला. एका तासानंतर तर त्यांनी बाईंना दार हळू लावायला सांगितलं, त्याला धक्का लागेल म्हणून.

शेवटी रेघ फिरून पुढे आली आणि स्क्रूला भिडली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, झोकात सही ठोकली आणि कौतुकानं म्हणाले, "शहाण्णव. एक मिनिट आधीच आला पठ्ठ्या."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःचं घड्याळ पाहिलं. शहाण्णवच.

"अहो काका, एका मिनिटानं काय होतंय?" बाई म्हणाल्या.

"एक मिनिट म्हणजे साठ तास. आपले अडीच दिवस."

"राहू द्या हो," साहेब म्हणाले, "सही झालीय."

"तुमची झाली," म्हणत काकांनी स्क्रू सोडवायला घेतला.

संध्याकाळी एका काखेत लाकडी गोळा आणि दुसऱ्या काखेत मोटार घेऊन ते घरी पोचले. काकूंनी दार उघडलं, आधी गोळ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"परत आला?"

"आणला."

"तक्रार काय?"

काका बराच वेळ वाकून चपला काढत राहिले.

"पळतो," ते म्हणाले.